श्रमदानाची बखर

आपल्याकडे दानाचे प्रकार पुष्कळ. अन्नदान, वस्त्रदान, गोदान, भूदान, रक्तदान, नेत्रदान. यांतल्या बहुतेक दानांत देणाऱ्याचे काय गेले हे चटकन सांगता येते. गाय गेली की गोठा रिकामा दिसतो. रक्त दिले की निदान बिस्किटाचा पुडा मिळतो. श्रमदान हे एकच दान असे, की ज्यात कोणी किती दिले हे कोणालाच नक्की सांगता येत नाही. आणि त्यामुळेच की काय, दात्यांच्या यादीत नाव घालायला सगळे एका पायावर तयार असतात. यादीत नावे चाळीस, प्रत्यक्ष हजर एकोणीस, चहाचे कप साठ आणि उपटलेले गवत दोन पोती.

हा हिशेब मी मनचा सांगत नाही. आमच्या सोसायटीच्या खजिनदारांनी तो वहीत मांडलेला आहे. (चहाचे साठ कप एकोणीस माणसांनी कसे प्यायले, हा प्रश्न त्यांनी वहीतच लाल शाईने विचारला आहे. उत्तराची जागा कोरी आहे.)

सोसायटी १९७८ सालची. चार इमारती, चौसष्ट बिऱ्हाडे आणि मागच्या अंगाला सहा गुंठ्यांची बाग. म्हणजे नकाशात बाग, कागदोपत्री बाग, डोळ्यांना मात्र रान. पहिल्या पिढीतल्या सभासदांनी लावलेली एक बकुळ आणि दोन पारिजातक त्यात कुठेतरी आहेत, हे फुलांच्या वासावरून कळायचे. बाकी घाणेरीचे राज्य. सिमेंटचे एक बाकडे त्या घाणेरीने गिळले होते आणि त्याचा एक कोपरा मगरीच्या तोंडातून बाहेर राहिलेल्या पायासारखा दिसत असे.

या बागेच्या जागी पेव्हर ब्लॉक बसवून चौदा मोटारी उभ्या करायच्या, असा ठराव वार्षिक सभेपुढे यायचा होता. ठराव मांडणाऱ्यांचे म्हणणे अगदी सरळ होते : जी बाग सभासदांना सांभाळता येत नाही ती ठेवायची कशाला? यावर बागवाल्या पक्षाने (हा पक्ष म्हणजे मी, तळमजल्यावरच्या आजी आणि ज्यांच्याकडे मोटार नाही असे सहा जण) उत्तर शोधले ते श्रमदानाचे. एका रविवारी सगळ्यांनी मिळून बाग साफ करून दाखवायची. समितीत ठराव आला, तीन बैठका झाल्या, त्यांतली एक नुसती तारखेवर. एका रविवारी अमावास्या, एका रविवारी क्रिकेट, एका रविवारी अध्यक्षांच्या भाचीचा साखरपुडा. अखेर जो रविवार कोणालाच नको होता तो मुक्रर झाला. मला इतिहासाचा नाद आहे हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे कुदळ-फावड्याच्या कामातून मला मोकळे करून ‘श्रमदानाची थोर परंपरा’ या विषयावर पाच मिनिटे बोलायला सांगण्यात आले. अध्यक्ष म्हणाले, “जरा स्फूर्ती येईल असं बोला. पण पाच मिनिटांत.”

आता परंपरा शोधायची म्हटले की पुणेरी माणूस आधी पेशवाईत शिरतो. तिथे मला एक झकास आख्यायिका सापडली. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी तळे बांधायला घेतले, तेच ज्याच्या मधल्या बेटाला पुढे सारसबाग म्हणू लागले. काम रेंगाळत होते. एकदा पर्वतीवरून परतताना नानासाहेबांनी ते पाहिले. त्यांनी कोणाला दटावले नाही की मेमो दिला नाही. हत्तीवरून उतरले आणि स्वतः दगड उचलायला लागले. आता श्रीमंतांनी दगड उचलल्यावर सरदारांनी काय पालखीत बसून राहायचे? सगळे उतरले, भरजरी अंगरख्यांसकट मातीत गेले आणि काम झपाट्याने मार्गी लागले.

गोष्ट खरी असो की रचलेली, तिच्यातली मेख पक्की आहे. मी ती अध्यक्षांना सांगितली. त्यांना फार आवडली. म्हणाले, “वा! म्हणजे वरच्या माणसाने नुसता हात लावला तरी पुरे.” मला गोष्टीतून दिसले होते ते थोडे निराळे होते. पण असो.

कारण पेशवाईचे दुसरे पानही उलटावे लागते. हीराबाग झाली, तळी झाली, किल्ल्यांची डागडुजी झाली, पण त्यासाठी कोणी रविवारची सभा बोलावली नव्हती. गावागावांवर वेठबेगार असे. सरकारचे ओझे वाहायला, गवत कापायला, वाट झाडायला माणसे धरून न्यायची. राज्य गेले, वेठ गेली नाही. ‘वेठीस धरणे’ हा शब्दप्रयोग आपण आजही बँकेच्या संपाबद्दल इतक्या सहज वापरतो, की त्यात कधीकाळी खरोखरीची माणसे धरली जात होती हे विसरायला होते. इंग्रजांनी १८७४ च्या वतनी कायद्याने ही व्यवस्था उलट कागदावर पक्की केली. महार वतनदाराने सरकारी कामाला रात्री-अपरात्री, हाक येईल तेव्हा हजर राहायचे, आणि तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याला जावे लागे. मोबदला नावापुरता. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात हे वतन बदलण्याचे विधेयक मांडले. कनिष्ठ गाववतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. तीस वर्षे! आणि मधल्या काळात याच महाराष्ट्रात श्रमाची थोरवी सांगणारी व्याख्याने काही कमी झाली नव्हती.

हा मजकूर मी पाच मिनिटांच्या भाषणात बसवायचा प्रयत्न केला. आमच्या चिटणिसांनी कच्चा खर्डा वाचला आणि म्हणाले, “छान आहे हो. पण रविवारी सकाळी लोकांचा मूड जाईल. गांधीजी घाला.”

गांधीजी घालायला मी एका पायावर तयार होतो. कारण १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसची हकीकत त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे आणि ती वाचल्यावर मला आमच्या तीन बैठका आठवल्या. दक्षिण आफ्रिकेहून आलेले, कोणाच्या फारसे ओळखीचे नसलेले गांधी अधिवेशनाला गेले. तिथे स्वयंसेवक होते, पण पद्धत अशी, की एकाला काम सांगावे तर तो दुसऱ्याला सांगणार, दुसरा तिसऱ्याला. शौचकूप मोजके आणि घाण इतकी, की विचारू नये. गांधींनी स्वयंसेवकांचे लक्ष वेधले, तर उत्तर आले : हे आमचे काम नाही, ते भंग्याचे काम. गांधींनी झाडू मागितला. मागणारा माणूस पाहून समोरचा अवाक झाला. बऱ्याच खटपटीने झाडू मिळाला आणि त्यांनी आपल्यापुरता संडास साफ केला. सगळे साफ करणे एकट्याचे काम नव्हते, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे. देश स्वतंत्र करायला जमलेल्या माणसांत झाडू मागणारा एक निघाला, आणि झाडू सापडायलाच वेळ लागला! आमच्याकडे निराळे काय झाले? अकरा खुरपी, सहा कुदळी, चार घमेली आणि दोन कोयते आणण्याचे निरनिराळ्या सभासदांनी कबूल केले होते. आली दोन खुरपी आणि एक केक कापायची सुरी.

पारनेरचे पांडुरंग महादेव बापट हा तर त्याहून अजब मामला. विलायतेत शिकायला गेलेला हा माणूस परत आला तो बॉम्बची कृती बरोबर घेऊन. पुढे मुळशीच्या सत्याग्रहात तो सेनापती झाला. पण त्याआधी आणि नंतरही या गृहस्थाचे आवडते हत्यार कुठले, तर खराटा. पहाटे उठून पारनेरचे रस्ते झाडायचे. ब्राह्मणाच्या, त्यातून विलायत पाहून आलेल्या पोराने गल्ली झाडायची, याने त्या काळी गावाला बॉम्बइतकाच हादरा बसला असणार. शिवाय बॉम्ब एकदा फुटतो. हे रोज सकाळी.

आणि मग गाडगेबाबा. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या डेबूजी जानोरकराने संसार सोडला तो हिमालयात जायला नव्हे, गावे झाडायला. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि एक फुटके गाडगे. गावात शिरले की आधी झाडायला सुरुवात. आमंत्रण नाही, उद्‌घाटन नाही, फोटोग्राफर नाही. दिवसभर माणूस मुकाट्याने झाडतो आहे हे बघून गावकऱ्यांपैकी कोणाला तरी लाज वाटायची, तो दुसरा खराटा घेऊन यायचा. संध्याकाळपर्यंत गाव स्वच्छ. मग रात्री कीर्तन, आणि त्यात बाबा साध्या वऱ्हाडीत लोकांनाच प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तरे काढणार. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे या माणसाने धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः त्यांत मालकासारखा कधी राहिला नाही. २० डिसेंबर १९५६ ला ते गेले. पुढे २००० साली राज्य सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढले, बक्षिसे लावली आणि खरोखरीच कितीतरी गावे झाडली गेली. बक्षिसाशिवाय झाडणाऱ्याच्या नावाने बक्षीस, ही गंमत सोडली तर ते काम चांगलेच झाले.

वरोऱ्याच्या नगरपालिकेत मुरलीधर देविदास आमटे नावाचे वकील उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी नऊ महिने स्वतः डोक्यावरून मैला वाहिला. नऊ महिने! आमच्या उपाध्यक्षांनी बागेत नऊ मिनिटे काढली, त्यांतली चार मोबाईलवर. त्याच मैला वाहण्याच्या दिवसांत आमट्यांना गटाराकाठी पडलेला कुष्ठरोगी दिसला आणि पुढचे आनंदवन सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

स्वातंत्र्यानंतर श्रमदान सरकारी झाले. २ ऑक्टोबर १९५२ ला समूहविकास योजना सुरू झाली आणि गावोगाव रस्ते, बंधारे, विहिरी श्रमदानातून होऊ लागल्या. निदान अहवालात तरी. समाजशास्त्रज्ञ श्यामाचरण दुबे यांनी उत्तर प्रदेशातल्या गावांत जाऊन हे प्रकरण नीट पाहिले आणि १९५८ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांना काय दिसले? रस्त्याच्या श्रमदानात गावातले बडे लोक देखरेख करीत, पाहुण्यांपुढे मिरवीत, आणि रस्ता झाल्यावर त्यांच्याच ऊस-धान्याच्या गाड्या त्यावरून सुरळीत जात. घमेले वाहणाऱ्याकडे बहुधा गाडीच नसे. त्याची मजुरी मात्र बुडे. त्याला हे नवे दान जुन्या वेठीसारखेच दिसले, यात नवल ते काय!

पुढचा इतिहास भराभर सांगतो. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीत, सदतीस विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना निघाली आणि महाराष्ट्रातल्या कॉलेजच्या पोरांनी खेड्यांत जाऊन खड्डे खणले. त्या खड्ड्यांत झाडे किती जगली ते विचारू नका, पण लग्ने बरीच जमली. २०१४ च्या २ ऑक्टोबरला स्वच्छ भारत अभियान आले आणि पुढच्याच महिन्यात दिल्लीत एके ठिकाणी पाहुण्यांना झाडता यावे म्हणून स्वच्छ फुटपाथावर आधी पाचोळा आणून पसरल्याचे फोटो वर्तमानपत्रांत झळकले. २०१६ पासून पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत दुष्काळी गावांनी भर उन्हाळ्यात चर खणले, आणि २०१८ च्या १ मे ला शहरांतले जलमित्रही कुदळी घेऊन तिकडे धावले. त्यांच्या तळहाताच्या फोडांची थट्टा मी करणार नाही. फोड आले म्हणजे कुदळ हातात होती.

एवढा इतिहास पोटात घेऊन मी शनिवारी संध्याकाळी बागेकडे गेलो, तर तिथे उजेड दिसला. आमचे वॉचमन मामा आणि त्यांची बायको, जिला सगळे मावशी म्हणतात, बॅटरीच्या उजेडात घाणेरी तोडत होते. निम्मी बाग मोकळी झाली होती. बाकडे बाहेर आले होते! विचारले, तर मामा म्हणाले, “चेअरमन सायबानं सांगतलं. उद्या साहेबलोक येनार, सापकिरडू निघाया नको, फोटो बी बरा आला पायजे.”

“पैसे?”

“श्रमदान हाये ना साहेब.”

मी तडक अध्यक्षांच्या घरी गेलो. तिथे खजिनदारही होते. मी म्हटले, यांना दोघांना आजची मजुरी द्या. खजिनदार म्हणाले, “अहो, पैसे दिले तर ते श्रमदान कसलं?” मी विचारले, “मामांना नाही म्हणता आलं असतं का?” यावर अध्यक्ष, खजिनदार आणि भिंतीवरचे घड्याळ यांपैकी फक्त घड्याळ बोलत राहिले. मग मी महार वतनापासून दुबेंपर्यंत सगळे सांगितले. पाच मिनिटांचे भाषण चाळीस मिनिटांत, तीन श्रोत्यांपुढे (तिसऱ्या अध्यक्षांच्या पत्नी) पार पडले. निकाल वहिनींनी दिला. त्या आतून पाकीट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “दोघांची दोन दिवसांची मजुरी काढा. मी देते, मग तुम्ही सोसायटीकडून घ्या नाहीतर दान समजा.” खजिनदारांनी घाईघाईने व्हाउचर लिहिले.

रविवारी सात वाजताचे लोक सव्वाआठला आले. नारळ फुटला, कुदळीला हार घातला, आणि त्या हारामुळे पहिली दहा मिनिटे ती कुदळ कोणाला वापरता येईना. माझे भाषण वेळेअभावी रद्द झाले. पण नंतर एक मजा झाली. तण काढायला सुरुवात झाली तसे लोकांच्या लक्षात आले, की हे काम वाटते तसे नाही. ही घाणेरी कलकत्त्याच्या सरकारी बागेत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी अमेरिकेतून आणली आणि तिने नंतर सारा देश काबीज केला. वरून कापली की दुप्पट जोमाने फुटते. गाजर गवताची नोंद १९५० च्या दशकाच्या मध्याला आपल्याच पुण्यात झाली, आणि पुण्याने देशाला दिलेल्या देणग्यांत हिचा उल्लेख मात्र कोणी करत नाही. लोक त्याला काँग्रेस गवत म्हणतात, अमेरिकन गव्हातून आले म्हणतात. एकेका रोपाला हजारो बिया. फुलावर आलेले उपटले तर उपटणारा माणूसच बी पेरत हिंडतो, शिवाय अंगाला खाज सुटते ती वेगळी. त्यावर उपाय म्हणून १९८३ साली मेक्सिकोहून बंगलोरला भुंगे आणले. हे चिमुकले भुंगे पावसाळ्यात गाजर गवताची पाने खातात आणि कोरड्या दिवसांत जमिनीत जाऊन झोपतात. वर्षातून चार महिने काम, बाकी रजा. तरी मला वाटते, हजेरीच्या बाबतीत ते आमच्या सभासदांपेक्षा नियमित आहेत. निदान चहा तरी मागत नाहीत.

ठरावाचे सांगायचे राहिले. वार्षिक सभेत पार्किंगचा ठराव फेटाळला गेला नाही, नुसता वर्षभर पुढे ढकलला. मतांचा फरक पाचाचा. अट एकच : वर्षभर बाग अशीच राहिली पाहिजे. म्हणजे दर रविवारी कोणीतरी उतरायला हवे, आणि फोटो तर पहिल्या रविवारीच निघून गेले होते.

पुढच्या रविवारी आम्ही सात जण होतो. अध्यक्षांच्या वहिनी धरून. मामांना सुटी होती, तरी ते आले. मी त्यांना स्पष्ट सांगितले, आज तुम्ही हात लावायचा नाही. त्यांना ते बाहेर आलेले बाकडे दाखवले. ते अवघडून टेकले. मामा मूळचे अमरावतीकडचे. बोलता बोलता म्हणाले, “माह्या आज्यानं आयकलं होतं बाबाचं कीर्तन. दिवसभर झाडे मानूस. आंधी झाडे, मंग बोले.”

मी खुरपे चालवत होतो. दहा मिनिटे त्यांनी गप्प बसून पाहिले. मग राहवेना. बाकड्यावरूनच हात करून म्हणाले, “साहेब, वरून नका तोडू. मुळासकट काढा. आन् त्या कोपऱ्यातलं आंधी घ्या, त्याले फुलं याया लागली.”